लंडन ते पॅरिस: अंतर, विमानाचा वेळ आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युरोपची सहल ठरली की पहिला मुक्काम लंडन आणि दुसरा पॅरिस, हे बहुतेकांचं गृहीतच असतं. मग प्रश्न सुरू होतात. त्यातले सारखे येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे साधे आहेत, पुढचे अडचणीचे. घाई असेल तर निदान १० आणि ११ क्रमांकाचे वाचाच. विमान चुकलं तर दुसरं मिळतं, पण व्हिसात चूक झाली तर अख्खी सहल अडकते.

१. लंडन ते पॅरिस अंतर नक्की किती? प्रत्येक ठिकाणी वेगळा आकडा दिसतो.

सगळे आकडे आपापल्या जागी बरोबर असतात, फक्त मोजलेली गोष्ट वेगळी असते. शहराच्या मध्यापासून मध्यापर्यंत सरळ हवाई रेषेत सुमारे ३४४ किलोमीटर, म्हणजे साधारण २१४ मैल. हीथ्रो विमानतळ ते शार्ल द गोल विमानतळ सुमारे ३४७ किलोमीटर. रेल्वेमार्गाने ४९२ किलोमीटर. गाडीने, इंग्लिश खाडीखालचा बोगदा धरून, ४५५ ते ४७० किलोमीटर, रस्ता कोणता घेता त्यावर.

अंदाज यावा म्हणून सांगायचं तर मुंबई ते सोलापूर हवाई रेषा जवळपास एवढीच भरते. देश बदलतो, भाषा बदलते, चलन बदलतं, म्हणून ते अंतर मनात उगाच मोठं वाटतं.

२. विमानाला किती वेळ लागतो? कुठे ५० मिनिटं लिहिलंय, कुठे सव्वा तास.

विमान हवेत साधारण ४५ ते ५५ मिनिटं असतं. वेळापत्रकात मात्र १ तास १५ मिनिटांपासून दीड तासापर्यंतचा आकडा दिसतो. कारण विमान कंपनी वेळ मोजते ती फाटकावरून मागे सरकल्यापासून ते दुसरीकडे फाटकाला लागेपर्यंत. हीथ्रोला धावपट्टीपर्यंत रांगेत सरकण्यात पंधरा-वीस मिनिटं सहज जातात, आणि शार्ल द गोल एवढा पसरलेला आहे की उतरल्यावरही विमान बराच वेळ जमिनीवर चालतच राहतं. शिवाय कंपन्या थोडा वेळ हातचा राखून वेळापत्रक छापतात. तेव्हा ‘विमान वीस मिनिटं आधी पोचलं’ ही घोषणा ऐकून फार कौतुक करू नका.

वर गेल्यावर सपाट उड्डाण जेमतेम पंधरा-वीस मिनिटांचं असतं. चहा हातात येईपर्यंत पट्टा बांधायची सूचना होते.

३. तिकिटावर सकाळी १० ला निघून दुपारी १२.२० ला पोचतं असं आहे. म्हणजे दोन तास वीस मिनिटं लागतात का?

नाही, १ तास २० मिनिटं. पॅरिसचं घड्याळ लंडनच्या एक तास पुढे आहे आणि तिकिटावर दोन्ही वेळा स्थानिक असतात. परत येताना उलटी गंमत: १० ला निघालेलं विमान १०.२० ला पोचल्यासारखं दिसतं.

हा एका तासाचा फरक वर्षभर कायम राहतो. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं बदलतात, पण दोन्ही देशांत ती एकाच क्षणी बदलतात. भारताशी मात्र फरक बदलतो. उन्हाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे, पॅरिस साडेतीन. हिवाळ्यात साडेपाच आणि साडेचार. घरी फोन करायचा असेल तर एवढं लक्षात ठेवा.

थोडं विषयांतर. ही दोन शहरं जवळजवळ एकाच रेखांशाच्या आसपास आहेत, मग एक तासाचा फरक कशाला? १९११ पर्यंत पॅरिस स्वतःची वेळ पाळत असे, लंडनहून ९ मिनिटं २१ सेकंद पुढे. १९११ मध्ये फ्रान्सने ग्रिनिचची वेळ स्वीकारली. जून १९४० मध्ये जर्मन सैन्य पॅरिसमध्ये शिरलं आणि शहराची घड्याळं बर्लिनप्रमाणे लावली गेली. युद्ध संपलं, सैन्य गेलं, वेळ तीच राहिली. तुमच्या तिकिटावरचा तो जादा तास असा आलेला आहे.

४. लंडनला इतके विमानतळ आहेत. कोणता धरावा?

लंडनच्या नावावर सहा विमानतळ चालतात: हीथ्रो, गॅटविक, स्टॅन्स्टेड, ल्यूटन, लंडन सिटी आणि साउथएंड. पॅरिसला शार्ल द गोल आणि ओर्ली, आणि नावापुरता बोवे. अंतराच्या दृष्टीने गॅटविक सगळ्यात जवळ, शार्ल द गोलपासून सुमारे ३०८ किलोमीटर. ल्यूटनहून तेच अंतर सुमारे ३८० किलोमीटर होतं. पण हवेत हा फरक पाच-सात मिनिटांचा. खरा फरक पडतो तो घरापासून विमानतळापर्यंतच्या वेळेत, त्यामुळे घराजवळचा धरा.

बोवेबद्दल सावध. तो पॅरिसपासून सुमारे ८५ किलोमीटरवर आहे आणि पुढचा प्रवास बसने. स्वस्त तिकीट दिसलं की आधी विमानतळाचं पूर्ण नाव वाचा. ओर्लीला मात्र जून २०२४ पासून मेट्रोची १४ क्रमांकाची लाइन थेट जाते, त्यामुळे तो आता पूर्वीसारखा आडवळणाचा राहिलेला नाही.

५. ट्रेनने किती वेळ लागतो? समुद्राखालून जाताना भीती वाटते का?

युरोस्टार लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनवरून सुटते आणि पॅरिसच्या गार द्यू नॉर स्टेशनला पोचते. सर्वांत वेगवान गाडीला २ तास १६ मिनिटं लागतात, इतर गाड्या अडीच तासांच्या आत-बाहेर. वेग ताशी ३०० किलोमीटरपर्यंत जातो, बोगद्यात तो १६० वर उतरतो.

बोगदा सुमारे ५०.५ किलोमीटर लांब आहे आणि त्यातला सुमारे ३८ किलोमीटरचा भाग समुद्रतळाखाली. त्याचं उद्घाटन ६ मे १९९४ ला झालं. भीतीचं म्हणाल तर आत काहीच दिसत नाही. खिडकीबाहेर वीसेक मिनिटं अंधार आणि मग एकदम फ्रान्सची शेतं. ज्यांना मासे दिसतील अशी आशा असते त्यांचा हिरमोड होतो, विशेषतः नातवंडांचा. त्यांना आधीच सांगून ठेवा.

६. मग लवकर कोण पोचवतं, विमान की ट्रेन?

सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच. उत्तर तुम्ही कुठून निघता त्यावर आहे, म्हणून हिशेब मांडून दाखवतो.

विमान धरा. मध्य लंडनमधून हीथ्रो: पॅडिंग्टनहून हीथ्रो एक्सप्रेसने १५ मिनिटं, पण पॅडिंग्टनपर्यंत जायला हवं, पिकॅडिली लाइनने जवळपास तास. उड्डाणाच्या दोन तास आधी पोचायचं. मग विमानाचा सव्वा ते दीड तास. पॅरिसला पासपोर्टची रांग, कधी वीस मिनिटं, कधी पाऊण तास. सामान टाकलं असेल तर पट्ट्यापाशी उभं राहणं. तिथून आरईआर बी गाडीने शहरात अर्धा-पाऊण तास. बेरीज पाच-साडेपाच तासांवर जाते.

ट्रेन धरा. सेंट पँक्रसपर्यंत अर्धा तास. गाडीच्या सव्वा ते दीड तास आधी पोचायचं, कारण फाटक गाडी सुटण्याच्या ३० मिनिटं आधी बंद होतं. प्रवास सव्वादोन ते अडीच तास. ब्रिटनमधून बाहेर पडण्याची आणि फ्रान्समध्ये शिरण्याची, दोन्ही तपासण्या लंडनलाच उरकतात. पॅरिसला उतरलात की सरळ स्टेशनबाहेर. एकूण साडेचार तासांच्या आसपास.

म्हणजे मध्य लंडनमध्ये उतरला असाल तर ट्रेन तासभर तरी वाचवते. शिवाय दोन बॅगा आणि एक हातातली एवढं सामान तिकिटातच येतं, वजनकाटा नाही, पाण्याची बाटली काढून घेत नाहीत. ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर मी दुसरा विचार करणार नाही.

विमान कधी घ्यावं? हाउन्स्लो, स्लाव अशा हीथ्रोच्या बाजूच्या भागात नातेवाइकांकडे उतरला असाल तेव्हा. तिथून सेंट पँक्रसला जाण्यातच ट्रेनचा फायदा संपतो. ट्रेनची तिकिटं आयत्या वेळी फार महाग होतात तेव्हाही. विमानातून पुढे आणखी कुठे जायचं असेल तेव्हाही, पण त्यात प्रश्न ११ ची अडचण आहे.

७. लंडनला परत येताना विमान वरच्या वर गोल फिरत होतं. काही बिघाड असतो का?

नाही. हीथ्रोला दोनच धावपट्ट्या आहेत आणि त्या सकाळपासून रात्रीपर्यंत भरलेल्या असतात. उतरायची पाळी येईपर्यंत विमानांना चार ठरावीक जागी घिरट्या घालायला लावतात: बोव्हिंग्डन, लॅम्बर्न, ऑकम आणि बिगिन. पॅरिसकडून येणारी बहुधा बिगिनवर फिरतात. पन्नास मिनिटांच्या प्रवासात त्या घिरट्या मोठ्या वाटतात, एवढंच. शार्ल द गोलला चार धावपट्ट्या आहेत, म्हणून जाताना हा अनुभव कमी येतो.

वाऱ्यामुळे किती फरक पडतो असंही विचारतात. पश्चिमेचा वारा जाताना थोडी मदत करतो आणि येताना थोडा अडवतो, पण एवढ्या अंतरात फरक काही मिनिटांचाच.

८. गाडीने, बसने किंवा सायकलने जाता येतं का?

गाडीने: लंडन ते फोकस्टन, तिथे गाडीसकट ट्रेनमध्ये चढायचं, ३५ मिनिटांत कॅलेच्या बाजूला उतरायचं, मग पॅरिसपर्यंत टोलचा महामार्ग. सगळं सुरळीत झालं तर साडेपाच-सहा तास. डोव्हरहून फेरी बोट घेतली तर पाण्यावर दीड तास. फ्रान्समध्ये उतरलात की गाडी उजव्या बाजूने चालवायची. आपल्याला आणि ब्रिटिशांना डावीकडची सवय, त्यामुळे पहिली दहा मिनिटं गप्पा बंद ठेवा.

बसने आठ-नऊ तास, बहुतेक बस रात्रीच्या. स्वस्त आहे, पण मध्यरात्री सीमेवर उठवून रांगेत उभं करतात. सायकलनेही जाता येतं. २०१२ मध्ये ‘अव्हेन्यू व्हर्ट’ नावाचा सायकलमार्ग सुरू झाला, न्यूहेवन ते दिएप बोटीने चार तास. हौस असेल तर.

९. बोगदा नव्हता तेव्हा लोक कसे जायचे?

लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनवरून ट्रेन, डोव्हर किंवा न्यूहेवनहून बोट, पलीकडे पुन्हा ट्रेन. पुढे १९२९ पासून ‘गोल्डन अॅरो’ ही थाटाची गाडी या मार्गावर धावली, ती १९७२ पर्यंत. मराठी वाचकांना व्हिक्टोरिया स्टेशन वेगळ्या कारणाने ठाऊक असतं. पॅरिसहून लंडनला परतलेल्या सावरकरांना १३ मार्च १९१० ला तिथेच अटक झाली.

विमानाचा इतिहासही या मार्गावर दाटलेला आहे. लंडन-पॅरिस ही नियमित दैनंदिन आंतरराष्ट्रीय विमानसेवा २५ ऑगस्ट १९१९ ला सुरू झाली, हाउन्स्लो हीथच्या माळावरून पॅरिसच्या ल बूर्जेपर्यंत. हा माळ आजच्या हीथ्रोच्या शेजारीच. वेळ लागला सुमारे अडीच तास, आजच्या ट्रेनपेक्षा थोडा जास्त. वैमानिक खालचे रस्ते आणि रूळ बघत वाट काढायचे. त्यातूनच ७ एप्रिल १९२२ ला उत्तर फ्रान्समध्ये, धुकट हवेत, समोरासमोरून येणारी दोन प्रवासी विमानं एकमेकांवर आदळली आणि सातही जण गेले. दोन्ही वैमानिक एकच रस्ता धरून उडत होते. येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांना ठरलेल्या वाटा असाव्यात हा विचार त्यानंतर जोर धरू लागला.

१०. माझ्याकडे ब्रिटनचा व्हिसा आहे. त्यावर पॅरिसला जाता येईल ना?

नाही. ब्रिटन शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही आणि कधीच नव्हतं. भारतीय पासपोर्टवर दोन्हीकडे जायचं तर दोन वेगळे व्हिसा लागतात. लंडनमध्ये नोकरीला असाल, तिथे राहायची परवानगी असेल, तरी पॅरिससाठी शेंगेन व्हिसा हवाच.

याहून फसवी गोष्ट म्हणजे क्रम. समजा तुमची सहल पॅरिस, मग लंडन, मग अ‍ॅमस्टरडॅम अशी आहे आणि शेंगेन व्हिसा एकाच प्रवेशाचा आहे. पॅरिसहून लंडनला गेलात की तो प्रवेश संपला. अ‍ॅमस्टरडॅमसाठी दुसरा प्रवेश लागेल आणि तुम्हाला लंडनमध्येच थांबवतील. उपाय दोन: दोन किंवा अनेक प्रवेशांचा व्हिसा मागा, किंवा लंडन सहलीच्या सुरुवातीला नाहीतर शेवटाला टाका. दुसरा उपाय फुकटचा आहे. तिकिटं काढायच्या आधी करायचा.

ब्रिटिश पासपोर्ट असलेल्या आपल्या मंडळींना व्हिसा नको. १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. पण पासपोर्ट दहा वर्षांपेक्षा जुना नसावा आणि युरोपातून परतण्याच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालू असावा. घरातल्या सगळ्यांच्या पासपोर्टवरची दिल्याची तारीखही बघा, नुसती संपण्याची नको.

११. मुंबईहून हीथ्रोला फक्त विमान बदलून पॅरिसला जायचंय. बाहेर पडणारच नाही. तरी ब्रिटनचा व्हिसा?

भारतीय पासपोर्टला सर्वसाधारणपणे हो. विमानतळाच्या आतल्या आत विमान बदलायलाही ब्रिटनचा वेगळा ट्रान्झिट व्हिसा लागतो. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडचा चालू व्हिसा असणाऱ्यांना अटींवर सूट मिळते. साधा शेंगेन पर्यटक व्हिसा असल्याने ही सूट मिळत नाही, आणि इथेच पुष्कळ जण अडकतात. हीथ्रोला उतरून गॅटविकहून पुढे जायचं असेल तर तुम्ही विमानतळाबाहेर पडता, तेव्हा नियम आणखी वेगळा. त्यापेक्षा मुंबईहून थेट पॅरिसचं विमान बरं.

१२. पासपोर्टवर शिक्का मारणं बंद झालं म्हणतात. आता वेळ जास्त लागतो का?

शेंगेन देशांनी १२ ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्याऐवजी संगणकीय नोंद टप्प्याटप्प्याने सुरू केली. पहिल्या वेळी चेहऱ्याचा फोटो घेतात. व्हिसावाल्यांच्या बोटांचे ठसे व्हिसा काढतानाच घेतलेले असतात, त्यामुळे ते सहसा पुन्हा घेत नाहीत. ब्रिटिश पासपोर्टवाल्यांचे घेतात, १२ वर्षांखालच्या मुलांचे नाही. ट्रेनने जाताना हे सेंट पँक्रसलाच होतं, म्हणून प्रश्न ६ मधला दीड तास कमी करू नका.

१३. सोबत खाऊ नेता येतो का? येताना चीज आणायचंय.

ब्रिटनमधून फ्रान्सला जाताना मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. पेढे, बर्फी, तुपाची बरणी, पनीर हे सगळं त्यात आलं. मावशीने प्रेमाने बांधून दिलेला पेढ्यांचा डबा लंडनमध्येच संपवा. तेलात तळलेल्या चकल्या, पोह्यांचा चिवडा यांना अडचण नाही.

येतानाची गोष्ट अनेकांना माहीत नसते. युरोपातल्या गुरांच्या लाळ-खुरकत रोगामुळे ब्रिटनने १२ एप्रिल २०२५ पासून प्रवाशांना युरोपीय संघातून मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी घातली. पॅरिसच्या दुकानातलं बंद पाकिटातलं चीजही त्यात येतं. बंदी तात्पुरती म्हणून घातलेली आहे, तेव्हा खरेदीच्या आधी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर एक नजर टाका.

१४. विमान उशिरा पोचलं तर भरपाई मिळते का? अंतर तर इतकं कमी.

मिळते. १,५०० किलोमीटरपर्यंतच्या प्रवासाला एकच दर आहे, मग अंतर ३४७ असो की १,४००. तीन तास किंवा जास्त उशीर झाला आणि कारण कंपनीच्या हातातलं असेल, तर ब्रिटनच्या नियमाने २२० पौंड, युरोपीय नियमाने २५० युरो. वादळ, हवाई नियंत्रकांचा संप अशा कारणांना भरपाई नाही, पण ताटकळावं लागलं तर खाणंपिणं आणि गरज पडल्यास हॉटेल कंपनीनेच द्यायचं. तिकीट किती स्वस्त होतं याचा रकमेशी संबंध नाही.

१५. फ्रान्सने कमी अंतराची विमानं बंद केली ना? मग ही कशी चालू?

फ्रान्सचा तो नियम मे २०२३ पासून लागू आहे, पण फक्त देशांतर्गत उड्डाणांना, आणि तेही जिथे ट्रेनने अडीच तासांच्या आत जाता येतं तिथे. पॅरिसच्या ओर्लीहून बोर्दो, नांत आणि लियाँला जाणारी विमानं त्यात थांबली. लंडनची ट्रेन अडीच तासांत बसते, पण मार्ग आंतरराष्ट्रीय आहे.

१६. लंडनहून ट्रेनने जाऊन त्याच दिवशी पॅरिसहून मुंबईचं विमान पकडायचंय. किती वेळ हाताशी ठेवू?

ट्रेन पोचण्याची वेळ आणि विमान सुटण्याची वेळ यांत निदान पाच तास. गार द्यू नॉरहून आरईआर बीने शार्ल द गोलला अर्ध्या-पाऊण तासात पोचता, पण ती गाडी मधूनमधून बंद असते, आणि लांबच्या विमानाला तीन तास आधी हजर राहायचं असतं. शार्ल द गोलच्या खाली जलद गाड्यांचं स्टेशन आहे हे नकाशात पाहून अनेकांना वाटतं की लंडनची ट्रेन तिथेच थांबेल. ती थांबत नाही. शहरात जाऊन परत यावं लागतं.

ट्रेन आणि विमानाची तिकिटं वेगवेगळी काढली असतील, तर ट्रेन उशिरा आल्याने विमान चुकलं तरी विमान कंपनीवर त्याची जबाबदारी नसते. सामान जास्त असेल आणि सोबत आई-बाबा असतील तर आदल्या दिवशीच पॅरिसला जा आणि रात्र विमानतळाजवळच्या हॉटेलात काढा.